घड्याळ ऐकणारे मामा

स्वित्झर्लंडच्या एका नामांकित घड्याळ कंपनीचा कारभार अख्ख्या इंदूरमध्ये कोणाला जमला असता, तर तो फक्त माझ्या आईच्या चुलतभावाला. कंपनीने त्यांना कधी विचारलं नाही, हे कंपनीचं दुर्दैव. हे मामा अन्नपूर्णा भागात राहतात, विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेत, आणि त्या कंपनीचं एकही घड्याळ त्यांच्याकडे नाही, कधी असणारही नाही. तरी तिला ते ‘आपली कंपनी’ म्हणतात. दर वर्षी नवी घड्याळं बाहेर आली, की “या बार आपल्या कंपनीने गडबड केली” असं इतक्या कष्टी चेहऱ्याने सांगतात, की नवखा माणूस त्यांचं सांत्वन करू लागतो. मी पडले फुटपाथ आणि झाडांसाठी पर्चे-पत्रकं वाटणारी. फ्लॅटच्या किमतीचं घड्याळ म्हणजे माझ्या लेखी दरोडा, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “लीडर, तुझं एकदम बरोबर आहे. पण डायल तर बघ!”

असेच आणखी चार शौकीन रविवारी पोह्यांच्या दुकानावर जमतात. मनगटं सगळ्यांची साधी, मतं मात्र जहाल. यंदाच्या तपकिरी ठिपकेदार डायलचा फोटो फिरला, तेव्हा एक जण ओरडला, “भिया, हा तर सीधा जीरावण सांडलाय!” आणि पुरावा म्हणून त्याने पोह्यांवरचा मसाला फोटोशेजारी धरला. दुसऱ्याचा राग डायलवर तारीख दाखवणाऱ्या चौकटीवर. “चार आणि पाचच्या मधे खिडकी? जिन्याखाली बाथरूम काढतात तशी!” सगळ्यांचं भांडून झालं की मामा बशी खाली ठेवतात आणि विचारतात, “सूरत छोडो. आवाज कसा आहे?”

कारण मामा घड्याळ बघत नाहीत, ऐकतात. कोणाचंही घड्याळ दिसलं की ते मनगटासकट कानाशी नेतात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी नवरदेवाचा हात उचलून कानाला लावला. वरपक्ष नाशिकचा, त्यांना वाटलं ही इकडची रीत असेल. नवरदेवाचे वडील निमूटपणे त्याच्या दुसऱ्या हाताला कान लावून उभे राहिले, आणि फोटोग्राफरने तो क्षण टिपलाही.

तर अशा माणसाचा डावा कान गेला. उजवाही फार दिवस साथ देणार नाही, असं पलासियाच्या डॉक्टरांनी सांगितलं. यंत्र लावून बोलणं ऐकू येईल, पण घड्याळाची बारीक टिकटिक विसरा. पोह्यांच्या मंडळींना मामांनी हे कळू दिलं नाही. मला सांगितलं, तेही कसं? “आपल्या कंपनीने नवं मॉडेल काढलंय. म्हणे एकदम मुलायम चालतं. एकदा कानाला लावायचंय. बस.”

मॉलमधल्या शोरूमच्या दारात गार्डने विचारलं, “क्या देखना है, अंकल?” मामा म्हणाले, “देखना नहीं, सुनना है.” आतल्या लोकांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा दिला, आणि एका मुलीने येऊन कंपनीचा इतिहास ऐकवायला सुरुवात केली. मामांनी तो शेवटपर्यंत ऐकला, त्यातल्या चुका दुरुस्त केल्या, मग घड्याळ मागितलं. “सर, ये सिर्फ़ डिस्प्ले के लिए है. हाथ में नहीं दे सकते.”

माझं डोकं फिरलं. विकायचं नाही, हातात द्यायचं नाही, मग लोकांना काचेआडून हिणवता कशाला? घरी येऊन मी पर्चा लिहिला: ‘मनगट तुमचं, कान आमचा!’ मामांनी तो वाचला, ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली आणि घडी घालून खिशात टाकला. “वाटायचा नाही. अपन परत जाऊ.”

आम्ही परत गेलो. पुन्हा गेलो. दर शनिवारी जात राहिलो. मामांचा नमस्कार तोच, विनंती तीच, समोरून नकारही तोच. शेवटी मॅनेजर स्वतः आला आणि हात जोडून म्हणाला, “अंकल, अगले महीने आइए.” मामा हसून म्हणाले, “नहीं नहीं, शक्कर कम.”

चहा कोणी विचारलाच नव्हता. मॅनेजर मामांच्या उजव्या, म्हणजे धडक्या कानाच्या बाजूला उभा होता.

मग मी गप्प बसले नाही. “त्यांचे कान जातायत,” मी म्हटलं, मराठीतच. मॅनेजरला समजलं की नाही याची पर्वा न करता. “घ्यायचं नाहीये त्यांना. एकदा ऐकायचंय. तुमचं काय झिजतं यात?” मॅनेजरने आतलं संगीत बंद करायला सांगितलं, पांढरे हातमोजे चढवले आणि काच उघडली.

मामांनी आधी स्वतःचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. दोन्ही घड्याळांचे आवाज एकमेकांत मिसळायला नकोत. मग नवं घड्याळ उजव्या कानाला लावून डोळे मिटले. कितीतरी वेळ तसेच उभे होते. चेहऱ्यावरून काहीच कळेना. डोळे उघडून त्यांनी ते माझ्या कानाशी धरलं. “तू ऐक. आणि खरं सांग. पर्चा नको.”

मला आयुष्यात फक्त भोंग्याचे आवाज कळलेले. मी श्वास रोखून ऐकलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “मामा, सुपात राजगिरा सरकवतात ना, तसं आहे. बारीक. मधे कुठे अडत नाही.”

“खडखड?”

“नाही.”

“म्हणजे जमलं लेकाच्यांना,” मामा म्हणाले आणि घड्याळ दोन्ही हातांनी परत केलं.

बाहेर रस्त्यावर येताच त्यांनी पोह्यांच्या ग्रुपसाठी फोनवर आवाज रेकॉर्ड करायला घेतला. “भिया लोग, डायल जाऊ द्या. आपल्या कंपनीने या बार कमाल केलीय. एकदम राजगिरा! सांगोवांगी नाही, मी स्वतःच्या कानाने...” तिथे ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन शांतपणे म्हणाले, “आपल्या घरच्या कानाने ऐकलंय.”