कापायचा राहून गेलेला एक फूट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर मुळीच नाही. कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं. मी डायरी लिहीत नाही — मी पत्रकं लिहिते. आणि पत्रकात माणूस स्वतःबद्दल कुठं लिहितो? पत्रकात चुकलेले असतात ते 'ते'. 'आपण' कायम बरोबर.

मी कशावर वाढले ते आधी सांगते. माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर संघटनेत. पत्रकांचे गठ्ठे आमच्या स्वयंपाकघरात यायचे आणि भाकरी होईपर्यंत आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. शाळेत बाकीची मुलं 'कमळ' वाचत होती तेव्हा मला 'निषेध' वाचता येत होतं. पिवळा कागद, जाड शाई, प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह. जग दोन रकान्यांत मांडलेलं — राबणारे आणि त्यांच्या जिवावर बसून खाणारे. मला ती मांडणी अजूनही आवडते. त्यात बरंच खरं आहे, असं मी आजही म्हणेन.

पण आज ते सांगायला बसलेले नाही.

पुढे मी आर्किटेक्ट झाले. सोलापुरातच एका ऑफिसात लागले आणि भांडायला मला नवा शत्रू मिळाला — यंत्र. आठवतंय ना, अचानक काय सुरू झालं ते? गिऱ्हाईकं फोनवर घराचं चित्र घेऊनच यायला लागली. चार शब्द टाकले की यंत्र अख्खा बंगला काढून द्यायचं. एका काकांनी मंद्रूपच्या शेतातल्या घरासाठी असं चित्र आणलं. मागं बर्फाचे डोंगर! आम्ही पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर मी टेबलाशी जाऊन बसले आणि मला भीती वाटली. हे आज डोंगर चुकवतंय. उद्या चुकवणार नाही. मग आम्ही कशाला?

— नाही, 'आम्ही' नको. मला माझीच भीती वाटली होती. पण पत्रकात मी नाव घेतलं अण्णांचं.

अण्णा, म्हणजे शिवप्पा अण्णा, आमच्या ऑफिसातले माप घेणारे. अक्कलकोटकडचे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत भांडण सारख्याच प्रेमानं. मला ते 'अव्वा' म्हणायचे, कानडीत आई. तीस वर्षं त्यांनी या शहरातली घरं मोजली होती. त्यांच्याकडे चामड्याच्या डबीतला एक जुना टेप होता. त्याचं पुढचं टोक केव्हाच तुटलेलं. म्हणून अण्णा मोजणी शून्यापासून न करता एका फुटाच्या खुणेपासून करायचे. एकानं ती खूण भिंतीला दाबून धरायची, अण्णांनी पलीकडच्या भिंतीवरून आकडा ओरडायचा, आणि वहीत लिहिताना एक फूट वजा करायचा. याला आमच्या ऑफिसात 'फूट कापणे' म्हणत. प्रत्येक भिंतीनंतर अण्णा न चुकता विचारायचे, "फूट कापलास न्हवं?"

नवा टेप घ्या म्हटलं की म्हणायचे, "ह्यो तुटलाय म्हणून तर ध्यान ऱ्हातंय की. नवा घेतला तर झोप लागंल मला."

आणि श्रीलता. माझ्याच वयाची, माझ्यानंतर सहा महिन्यांनी ऑफिसात आलेली. तेलुगू विणकरांच्या घरातली. तिचे वडील चादरीच्या नक्षीची कार्डं हातानं पंच करायचे. कॉम्प्युटर आला आणि ते काम गेलं. मला वाटलं होतं, ही आपल्या बाजूची. पण ती यंत्राला घाबरायचीच नाही. "आमच्या घरी नवीन मशीन आलं की आई रडते," ती सांगायची, "आणि आठ दिवसांनी तीच चालवते. वर आम्हाला हात लावू देत नाही." तिनं असा फोन घेतला होता ज्यातून खोलीचं माप घेता येतं. खोलीत उभं राहायचं, फोन सगळीकडून फिरवायचा, आणि पडद्यावर खोली उभी राहायची — भिंती, दारं, खिडक्या, आकड्यांसकट. तिला ते जादूसारखं वाटत नव्हतं. कामासारखं वाटत होतं. मला याचाच जास्त राग यायचा का?

तर, भवानी पेठेतल्या एका जुन्या घराची आतून नव्यानं मांडणी करायचं काम आलं. खाली कापड विणायचे माग, वर राहतं घर. आमचे सर म्हणाले, याचं माप दोन्हींनी घ्या. अण्णांनी टेपनं, श्रीलतानं फोननं. जुळलं तर पुढच्या महिन्यापासून मापाला श्रीलता जाईल, अण्णा ऑफिसात बसतील. 'ऑफिसात बसतील' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. अण्णांनाही. ते नुसतं म्हणाले, "बसू की. तीस वर्सं हुभाच हाय."

त्या घरात माग चालूच होते. ते कुणासाठी थांबवत नाहीत. कानठळ्या बसत होत्या. पडताळ्यासाठी खोलीचा कर्ण घेतात, तो मागांमुळे घेता येईना. एक लांब भिंत सुताच्या गाठोड्यांनी झाकलेली. उरली दुसरी लांब भिंत. मी एका फुटाची खूण दाबून धरली, अण्णा पलीकडून ओरडले, मी वहीत लिहिलं. पण माझं लक्ष कुठं होतं? श्रीलताकडे. तिचं संपलंही होतं. ती दारात उभी राहून घरच्या मालकीणबाईंना पडद्यावर त्यांचीच खोली दाखवत होती, आणि त्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, "अय्या, माझा माठ पण दिसतोय की हितं!" मी बघत राहिले. अण्णांनी नेहमीचं विचारलं. मी मान हलवली, वही न बघता.

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर दोन्ही मापं शेजारी ठेवली. बाकी सगळं जुळत होतं. त्या एका भिंतीला माझ्या वहीत सतरा फूट चार इंच होतं. फोनमध्ये सोळा फूट चार इंच.

बरोबर एक फूट. ना इंच कमी, ना इंच जास्त.

मला तिथेच कळलं. फूट कापायचा राहिला होता. माझ्याकडून. एवढं म्हणायचं होतं — 'थांबा, माझं चुकलं.' तीन शब्द. अशा चुकीला आमच्या ऑफिसात कुणी रागावतही नसे. ज्यानं केली त्यानं सगळ्यांना भजी आणायची, एवढीच शिक्षा. मग मी का नाही म्हटलं?

अण्णा खुर्चीतून वाकले. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "अव्वा, फूट कापलास न्हवं?"

मी म्हणाले, "कापला की, अण्णा."

ते सरांकडे वळले. "अव्वानं कापलाय म्हंजे कापलाय. फोनचंच कायतरी बिघडलंय."

आणि मी तेवढ्यावर थांबले नाही. मी श्रीलताला समजावून सांगितलं — शांतपणे, मैत्रिणीसारखं — की जुनं घर आहे, भिंती वाकड्या असतात, असले फोन वाकडं सगळं सरळ करून टाकतात. हे खरंही आहे. ते तसं करतात. एका खऱ्या गोष्टीनं मी खोटं झाकलं. पत्रकं लिहिणाऱ्याला ही कला चांगली येते.

श्रीलता म्हणाली, "मी परत जाऊन मोजते."

"कशाला? त्यांचे माग परत अडवायचे?" मी म्हणाले. सर हसले. विषय संपला.

अण्णांना वाचवायचं होतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. साफ खोटं. 'माझं चुकलं' म्हटलं असतं तरी मी अण्णांसाठी सरांशी भांडू शकले असते. भांडायला मी कधी घाबरले आहे? मला जिंकायचं होतं. बस.

पुढचं ऐका. दोन दिवसांनी सकाळी मी एकटीच भवानी पेठेत गेले आणि ती भिंत मोजली. नव्या टेपनं. सोळा फूट चार इंच. नकाशा माझ्याकडेच होता, मी आकडा गुपचूप बदलला. नाहीतर नव्या मांडणीत माग आणि भिंतीमधून बाईंना जाता आलं नसतं. घर नीट झालं. आज त्या खोलीत चार माग सुखानं चालतात. घराचं काही बिघडलं नाही.

पण श्रीलतानं नकाशा पाहिला. ती माझ्या टेबलाशी आली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. "सोळा फूट चार इंच?"

"अण्णांनी कडेची भिंत आतून फूटभर जाड करायला सांगितलीय," मी म्हणाले. दुसरं खोटं. आणि तेही अण्णांच्या नावावर.

"म्हणजे नेमका फोनचाच आकडा?"

मी म्हणाले, "योगायोग असेल गं."

ती बघत राहिली माझ्याकडे. संशयानं नव्हे — तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मान हलवली आणि गेली.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं: 'फूटभर चुकलेला फोन!' पिवळा कागद, उद्गारचिन्ह. तुटक्या टेपचा म्हातारा जिंकतो, नवं यंत्र हरतं. नकाशे काढणाऱ्यांच्या सभेत ते वाटलं, मी ते उभं राहून वाचलं, टाळ्या पडल्या. ते फोनाफोनी फिरलं. अजूनही कुणीतरी मला ते पाठवतं, 'बघा, कुणीतरी किती छान लिहिलंय.' मी अंगठ्याचं चित्र पाठवते.

ऑफिसात श्रीलताचं नाव 'फोनवाली' पडलं. चहा आला की कुणीतरी म्हणायचं, "श्रीलता, कप किती आहेत ते फोनला विचार की." ती हसायची. मीही हसायचे. मापाचं काम तिला कधीच मिळालं नाही. वर्षभर तिनं जिन्यांचे आणि संडासांचे नकाशे काढले. मग ऑफिस सोडून ती चुलतभावाच्या टॉवेलच्या कारखान्यात गेली, कॉम्प्युटरवर नक्षी काढायला. निरोपाच्या दिवशी मला म्हणाली, "बरं झालं बाई, तिथं मोजायचं काही नाही. मला आता आकड्यांचा भरवसाच वाटत नाही. घरी पडद्याचं कापड आणायचं तरी मी तीनदा मोजते."

तीनदा. जिचं पहिल्याच वेळी बरोबर आलं होतं, ती.

आज मी समाधानी आहे. हेही कबूल करायचंच आहे, कारण अशी गोष्ट सांगणाऱ्यानं खंगून गेलेलं असावं असं आपण धरून चालतो. मी नाही खंगले. मला झोप लागते. माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे, खिडकीत कडुलिंब आहे, कामं येतात. आणि माझ्या टेबलावर तसलाच फोन आहे. मी सगळी मापं त्यानंच घेते. एका विणकराच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारचं ऊन कुठपर्यंत येईल, ते कॉम्प्युटरवर आधीच पाहून मी खिडकी दोन फूट सरकवली. त्या घरची आजी आता तिथं बसून सूत सोडवते. हे काम चांगलं आहे. यंत्रानं काम कुणाचं जातं आणि फायदा कुणाच्या घरात जातो, हा प्रश्न मी अजून विचारते, पत्रकातच विचारते, आणि विचारत राहीन. पण त्या प्रश्नासाठी श्रीलतानं हरण्याची काही गरज नव्हती.

अण्णा दोन वर्षं मापाला जात राहिले, मग गुडघे दुखायला लागल्यावर आपणहून थांबले. अक्कलकोटला सुनेच्या हातची कडक भाकरी खातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मठाच्या दर्शनबारीचं माप सांगतात. जाताना त्यांनी तो टेप मला दिला. चामड्याची डबी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "फूट कापायचं इसरू नको." त्यांना काही ठाऊक नाही. ते सगळ्यांनाच तसं म्हणायचे. टेप माझ्या खणात आहे. मी तो वापरत नाही.

त्या पत्रकात मी श्रीलताचं नाव घातलं नव्हतं. 'आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचा फोन', एवढंच. इथे घालते. श्रीलताचा फोन बरोबर होता. भिंत सोळा फूट चार इंच होती. अण्णांनी आकडा बरोबर वाचला आणि विचारायचं ते बरोबर विचारलं. मी फूट कापला नव्हता, ते मला माहीत होतं, आणि मी 'कापला' म्हणाले.