पोटाशी धरलेली डबी

मंगळवारी सकाळी आम्ही इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडकलो होतो... आणि माझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी, एक छोटी प्लॅस्टिकची डबी होती. माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या वीर्यतपासणीचं सॅम्पल. (त्याला विचारूनच लिहितेय. "लिही," म्हणाला, "फक्त फोटो टाकू नकोस.")

लॅबमधल्या खोलीत त्याला दोनदा जमलं नव्हतं. मग तिथल्या मॅडम म्हणाल्या, घरून आणा, पण अर्ध्या तासात पोचवा आणि गार होऊ देऊ नका, अंगाशी धरा. गाडी तो चालवणार... म्हणून डबी माझ्याकडे.

लग्नाला सहा वर्षं झाली, मी आता एक्केचाळीस. रक्त, सोनोग्राफी, नळ्या... माझं सगळं तपासून झालं, फाईल जाड होत गेली. त्याची एक साधी तपासणी मात्र "बघू, करू" वर राहिली.

नव्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांचा रिपोर्ट आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी घरी येऊन तेच सांगितलं. यावेळी मी मागे हटणार नव्हते.

मागच्या सीटवर सासूबाई होत्या. सटाण्याहून डोळे दाखवायला आलेल्या, त्यांना वाटेत सोडायचं होतं. दर फोनला पहिला प्रश्न, "काही बातमी?"... आणि या तपासणीचं आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

माझा हात पोटावरून हलत नाही हे त्यांनी पाहिलं. "मिलिंदा, खड्ड्यातून हळू घे रे." मग पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कितवा लागला गं?"

इतक्या मायेनं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या... आणि आता मला त्यांना "नाही" असं सांगायचं होतं.

"आई, तसं नाहीये," मिलिंद आरशात बघत म्हणाला. "तिच्याजवळ डबी आहे. माझ्या तपासणीची, अर्ध्या तासात लॅबला पोचवायचीय. तिच्या सगळ्या झाल्या, माझीच राहिली होती."

बाहेर नुसते हॉर्न. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मलाच बोलतील.

"सहा वरीस?" त्या म्हणाल्या. "अरे, कांद्याचं बी टाकायच्या आधी आपण ओल्या फडक्यात बांधून बघतो, उगवतंय का नाय. नाय उगवलं तर वावराला शिव्या देतो का?"

मग एकदम, "किती वेळ राहिला?"

"दहा मिनिटं."

दार उघडून त्या खाली उतरल्यासुद्धा. पदर खोचून आडव्या घुसलेल्या टेम्पोसमोर उभ्या, आणि थेट गावाकडच्या बोलीत ओरडल्या, "मांगे ले रे भाऊ! गाडीमा पेशंट शे!" टेम्पोवाला त्यांच्याच भागातला निघाला... "हो माय" म्हणत गुपचूप मागे गेला.

डबी वेळेत पोचली. रिपोर्टही आला... शुक्राणूंची संख्या कमी, हालचाल मंद. डॉक्टर म्हणाल्या, मिलिंदची तंबाखू आजपासून बंद, गोळ्या सुरू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू आणि मग उपचार ठरवू. खात्री त्यांनी दिली नाही, माझं वयही आहेच. पण अंधारात चाचपडणं तरी संपलं.

आता कपाटात दोन फाईली आहेत, एक त्याच्या नावाची. ज्यांच्या घरात अजून बाईच्याच नावाची एक फाईल आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तपासून घ्या... आधीच घ्या. आमची सहा वर्षं गेली.

काल सासूबाईंचा फोन आला. नाव बघूनच मी सवयीनं आक्रसले, आता येणार, "काही बातमी?"...

"मिलिंदाला दे," त्या म्हणाल्या. "गोळी घेतली का विचारते त्याला. आणि तू जेवलीस का गं?"

"जेवले, आई," म्हटलं... आणि फोन त्याच्याकडे द्यायच्या आधी मीच कितीतरी वेळ बोलत बसले.