लोंढ्याचा खांब

आठ दिवसांवर साखरपुडा आला होता आणि मी लोंढा स्टेशनवरच्या खांबाला पाठ लावून उभा होतो. तिच्या आत्याला आमंत्रण देऊन आम्ही दोघं बेळगावला परत निघालो होतो. गाडी यायची वेळ झाली की मी खांब गाठतो, हे तिनं दोन वर्षांत चार-पाचदा तरी बघितलं होतं.

"खांबाला का चिकटायलास रं? माझ्यापेक्षा त्योच बरा वाटतोय व्हय?" बाकावर बसून ती म्हणाली.

म्हटलं, आत्ताच सांगावं. मागून कळलं तर फसवलं म्हणेल. "मला ओसीडी हाय. गाडी आली की डोक्यात येतं, तुला रुळावर ढकलावं."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. गेलं लग्न, असंच वाटलं.

आमच्याकडं स्थळाची चौकशी लई कडक. पगार किती, शेत किती, पोरगा पितो का, पितो तर कुणाच्या पैशानं. डोक्यात काय येतं ते मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर खानापूर ते निपाणी एकाचंही लग्न ठरायचं नाही.

"ओसीडीवाले सारखं हात धुतात ना?" तिनं विचारलं. "तुझं टेबल तर उकिरडा हाय."

"सगळ्यांचं हातावर नसतं गं. माझं विचारात हाय."

तिला कळेना. मग तिच्याच घरचं उदाहरण दिलं. तिचे आप्पा वडगावात साड्या विणतात, आणि दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून सीमेच्या मोर्चात पुढं असतात. गेल्या वर्षी जावई म्हणून पारखायला मलाही नेलं होतं.

"सगळे ओरडायलेत, महाराष्ट्रात जाणारच. आणि माझं डोकं म्हणतंय, ओरड, आम्ही हितं कर्नाटकातच बरे! आप्पांच्या कानाशी! तोंडात सुपारी धरली ती मोर्चा संपेपर्यंत सोडली न्हाई. घरी जाऊन आप्पा काय म्हणाले?"

"पोरगा वायफळ बोलत न्हाई, निष्ठेचा हाय." ती खुदकन हसली. "त्यावरच तर होकार दिला त्यांनी." मग एकदम थांबली. "म्हणजे तुला खरंच हितंच बरं वाटतं?"

"न्हाई गं बाई! जे कधीच करायचं नसतं, तेच नेमकं डोक्यात येतं. जिथं माझं सगळ्यात मोठं नुकसान, तिथंच."

तिनं पलीकडच्या बाकावर पेपर वाचणाऱ्या काकांकडं बघितलं. "मग त्यांना ढकलावं असं न्हाई येत?"

"त्यांचं मला काय पडलंय?"

ती बाकावर परत माझ्याकडच्या टोकाला सरकली. "ह्याला प्रेमाचं बोलणं म्हणायचं का रं?"

"भ्यालीस?" मी विचारलं.

"न्हाई."

"खरंच न्हाई?"

"खरंच."

"नक्की ना?"

"डॉक्टर काय म्हणाले ते सांग आधी."

"असं सारखं विचारायचं न्हाई म्हणाले. विचारलं तरी समोरच्यानं उत्तर द्यायचं न्हाई. आणि खांब सोडायचा."

"मग सोड की."

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली, आणि मी खांब सोडून दोन पावलं पुढं आलो. मी दोन्ही हातांनी बॅग छातीशी आवळली होती. ती उठली, बॅग ओढून घेऊन स्वतःच्या पाठीला लावली आणि रुळांकडं तोंड करून माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. माझे हात मोकळे. खोटं कशाला सांगू, लई भ्यालो. खांब दोन पावलांवर होता, पण गेलो नाही. इंजिन गेलं, डबे गेले, गाडी थांबली.

जनरलच्या दारात ही गर्दी. आतली माणसं हलायला तयार नाहीत. तिचा एक पाय पायरीवर, दुसरा खाली, आणि पाठीवरची बॅग दारात अडकलेली. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आता ढकल की रं."

मी दोन्ही हात तिच्या पाठीला लावले आणि जोर लावून ढकललं.