स्कार्फ कोण बांधणार

स्काउटच्या पथकात मला सगळी मुलं 'पोहे काकू' म्हणतात. मुलीचं तिथे नाव घातल्यापासून दर रविवारी सकाळी मी अंबरनाथच्या शाळेच्या मैदानावर पोह्यांचं पातेलं घेऊन हजर असते. त्याशिवाय प्रथमोपचाराची पेटी मी सांभाळते, सहलीच्या आदल्या दिवशी प्रत्येक आईला फोन मी करते, हरवलेल्या शिट्ट्या झुडपात शिरून मी शोधते. माझ्या छातीवर 'पालक स्वयंसेविका' असा बिल्लाही असतो. पण बिल्ला वाचतो कोण? नाव झालं ते पोह्यांचं.

त्याचंही मला काही नव्हतं. मग ती आली.

ती मूळची उल्हासनगरची, सिंधी. कॅम्प तीनमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. नुकतीच ती इथे अंबरनाथला, चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आली होती आणि तिचा मुलगा आमच्या पथकात दाखल झाला होता. पहिल्या रविवारी आम्ही बाकीच्या आया रुमालाने बाक पुसून बसलो, तर ही बाई सरळ मुलांच्या घोळक्यात धुळीत मांडी घालून बसली. दुसऱ्या रविवारी तिने कारखान्यातल्या जीन्सच्या कतरणीतून शिवलेल्या चटया आणल्या, प्रत्येक मुलाला एक. चटईच्या कोपऱ्यात पँटचा मागचा खिसा जसाच्या तसा ठेवलेला, शिट्टी ठेवायला. मुलं वेडी झाली. तिसऱ्या रविवारपासून ती 'कॅप्टन आंटी'.

म्हणजे मी इतके महिने राबून पोहे, आणि ही येते काय नि कॅप्टन होते काय! घरी तीनदा हाक मारल्याशिवाय पाण्याचा पेलाही न उचलणारी माझी मुलगी पळत जाऊन तिची पिशवी उचलायची. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्याने थांबणारं नव्हतं.

"चांगली आहे की ती," नवरा म्हणाला.

तेच तर. वाईट असती तर चार जणींत बसून बोलता तरी आलं असतं.

आमच्या पथकाची एक पद्धत आहे. मूल नव्याने आलं की काही महिने त्याला स्कार्फ मिळत नाही. सगळ्या गाठी, नियम, प्रार्थना शिकून झाल्या की दीक्षाविधी होतो आणि त्या दिवशी गळ्यात स्कार्फ येतो. तो कोणी बांधायचा हे मूल ठरवतं. त्याने आपल्याला हव्या त्या मोठ्या माणसापुढे जाऊन विचारायचं, "माझा स्कार्फ बांधाल?" कोणी आजोबांना विचारतं, कोणी बाईंना. एकाने शाळेच्या वॉचमनला विचारलं होतं. मोठ्यांनी मात्र स्वतःहून 'मी बांधते' म्हणायचं नाही, हा पथकाच्या सरांचा कडक नियम.

माझी मुलगी मध्ये आजारपणाने मागे पडली होती. तिचा दीक्षाविधी या हिवाळ्यातल्या शिबिरात होता. मी नियम मोडला नाही. फक्त तिच्यासमोर बसून तिचा स्कार्फ इस्त्री केला. तो घडी करताना, "आजकाल गाठी बऱ्या जमतात बाई मला," असंही म्हणाले. शेवटी न राहवून विचारलंच, "मग? ठरलं का कोण ते?"

"बघू," ती म्हणाली.

बघू! हा शब्द तिला मीच शिकवलाय, तिने सायकल मागितली होती तेव्हा.

शिबिर बदलापूरच्या पुढे एका आंबराईत होतं. पहिल्या दिवशी दुपारी पालकांची स्पर्धा होती, बिनभांड्याचा स्वयंपाक. तवा नाही, पातेलं नाही, डाव नाही. पानं, दगड, माती आणि निखारे, त्यावर काय करायचं ते करा. मी ठरवलं, इथेच दाखवायचं. भरली वांगी पानात गुंडाळायची, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यात पुरायची. घरी गॅलरीत शेगडीवर एकदा करून पाहिलं. कुंडीतल्या मातीला तडे गेले आणि वांगी राखेत आंघोळ करून बाहेर आली. शेजारच्यांनी धुराची तक्रार केली ती वेगळीच.

तेव्हा माझी नजर गॅलरीच्या कोपऱ्यातल्या पिशवीवर गेली.

त्या पिशवीत शाडूची माती होती. गणपतीच्या आधी पथकात मूर्ती करायला शिकवलं होतं. माझ्या मुलीने एक गणपती केला, एक कान दुसऱ्याहून मोठा. चमकी लावायची नाही असं सरांनी बजावूनही हिने मुकुटाला चिमूटभर चमकी चिकटवली होती. तोच आम्ही घरी बसवला आणि टबात विसर्जन केलं. खाली बसलेला गाळ तिने स्वतः वाळवून पिशवीत भरला. पुढच्या वर्षी त्याच मातीचा गणपती करायचा, मग त्याच्या पुढच्या वर्षीही त्याच मातीचा, असं तिचं चाललं होतं. शाडूची माती पाण्यात विरघळते आणि मळली की पुन्हा उभी राहते, फक्त ती भाजायची नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

ती माती भिजवली की लोण्यासारखी मऊ व्हायची. तडा जाणं शक्यच नव्हतं. दोन मुठी घेतल्याने काय बिघडतं, असं म्हणून मी हात घातला. पण वांगी होती डझनभर. पिशवी जवळजवळ रिकामी झाली.

स्पर्धेत कॅप्टन आंटी नेमकी माझ्या शेजारच्या चुलीवर आली. ती तापलेल्या दगडावर कोकी भाजत होती, सिंधी लोकांची कांदा घातलेली जाड पोळी. उलटायला काही नाही, म्हणून बोटांनीच उलटत होती आणि "उई मां" करत हसत होती. एक बाजू करपली, दुसरी कच्ची राहिली, एक कोकी तर सरळ राखेत पडली. मुलं तिच्याभोवती टाळ्या पिटत होती. पिटा, म्हटलं, थोडाच वेळ राहिलाय.

सरांनी माझा पहिला गोळा दगडाने फोडला. आतून वाफ आली, दाण्याच्या कुटाचा आणि गोड्या मसाल्याचा वास सगळ्या आंबराईत पसरला. सरांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि तिथल्या तिथे पहिला नंबर जाहीर केला. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "वा ताई, कमाल केली तू!" तेवढ्यापुरतं जग फार छान होतं.

मग माझी मुलगी पुढे आली. तिने फुटलेल्या गोळ्याचं एक खापर उचललं आणि उन्हात फिरवून पाहिलं. जिथे निखारे कमी लागले होते, तिथे चमकीचा ठिपका चमकत होता.

"आई, ही माझी माती आहे?"

"थोडीशीच घेतली गं."

"माझा गणपती आहे हा."

मागून कोणाची तरी आई बोललीच, "अगं बाई! बाप्पाच्या मातीत वांगी?" सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. आणि नेमकी तीच पुढे आली, माझी शत्रू. "अरे, मग तर प्रसाद झाला ना! दे ताई, मला पहिले दे," म्हणत तिने एक गरम वांगं सरळ तोंडात घातलं. लोक हसले, हात पुढे झाले, पाहता पाहता वांगी संपली. तिने मला वाचवलं होतं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाचवणारी ही कोण?

मुलगी मात्र हसली नाही. तिने सगळी खापरं गोळा केली, पाण्याच्या बादलीत टाकली आणि बादलीशेजारी बसून राहिली. भाजलेली माती विरघळत नाही. हे मलाही ठाऊक होतं, तीच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. मी जावं म्हणून उठले, तर कॅप्टन आंटी आधीच तिथे पोहोचली होती. दोघी बादलीकडे बघत हळू आवाजात बोलत होत्या. मी हातात पहिल्या नंबरचं कागदी फूल घेऊन लांब उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन झालं आणि दीक्षाविधी सुरू झाला. आम्ही मोठी माणसं एका ओळीत उभी होतो. माझ्या डाव्या हाताला ती. एकेक मूल पुढे येऊन आपल्या माणसाला विचारत होतं. माझ्या मुलीचं नाव पुकारलं तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, फक्त बुटांकडे पाहत राहिले. बूट सरळ आमच्या दिशेने आले. कोणाकडे वळतात ते शेवटपर्यंत कळेना. मग ते माझ्यासमोर थांबले.

"आई, माझा स्कार्फ बांधशील?"

मी स्कार्फ तिच्या मानेमागून घेतला, दोन्ही टोकं चामड्याच्या कडीतून ओढली, कॉलर सारखी केली. मग तिच्या डोक्यावरून मी शेजारी पाहिलं. मुद्दामच पाहिलं. तिचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. ती टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात.

परतीच्या रिक्षात मुलगी माझ्याशेजारी बसली होती, स्कार्फ तसाच गळ्यात. मी म्हटलं, "मला वाटलं, मातीवरून तू रागावली असशील."

"आहेच मी रागावलेली."

"मग मला कसं विचारलंस?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी काल आंटीला विचारलं होतं. बादलीपाशी. ती बोलली, बेटा, मी नाही बांधणार. पहिले मम्मीला विचार, ती नाही बोलली तरच माझ्याकडे ये."

माझा हात तिच्या गळ्याशी गेला, कडी बघायला. ती चांगली घट्ट बसली होती.

"तूच बांधलास ना?" मुलगी म्हणाली. "मग आता असं तोंड का केलंयस?"

"ऊन लागतंय," मी म्हटलं.