डोळ्यांच्या आखणीचा पगार

टर्पेंटाईनचा वास केसांतून जात नाही, हे मला करसल्लागाराच्या कचेरीत कळले. अष्टमी गावाकडचा पूल ओलांडून आम्ही रोह्याच्या बाजारपेठेतील त्या थंड, बंद खोलीत जाऊन बसलो आणि शेजारच्या कारकुनाने रुमाल हळूच नाकाशी नेला.

हमरापूरच्या आमच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी एकवीस वर्षे मी करते. मूर्ती साच्यातून निघाल्यावर अनेक हातांखालून जाते. डोळे मात्र एकाच हाताचे असावेत, अशी आमच्याकडची रीत. हात बदलला की नजर बदलते आणि जुने गिऱ्हाईक ती ओळखते. बुबुळाचा काळा थेंब ठेवताना श्वास रोखून धरावा लागतो. सासऱ्यांनी अकरा वर्षे शेजारी बसवून मला हे शिकवले. यजमान व्यापाऱ्यांना सांगत, "डोळे ना? ते घरातच होतात." रात्री विरजण लावावे आणि सकाळी दही व्हावे, तसे.

त्या वर्षी धंदा वाढला, तसा करही. सल्लागार एकेक कायदेशीर वाट दाखवू लागले. शेडची जागा सासूबाईंच्या नावावर आहे, तर त्यांना भाडे द्या. रंगाच्या कॉम्प्रेसरवर घसारा धरा. यंत्र वापराने झिजते, त्या झिजेची सूट मिळते. तोवर माझ्या चष्म्याचा नंबर तीनदा वाढला होता. 

"आणि वहिनींना पगार का देत नाही?" त्यांनी विचारले.

यजमान हसले. "बायको हाय साहेब. ती काय शिफ्टला येते?"

"पगार दिलात तर तुमचं उत्पन्न तेवढं कमी होईल. अडचण एवढीच, की नवऱ्याच्या धंद्यातला बायकोचा पगार कायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. त्यांच्याकडे खास कौशल्य असेल आणि पगार त्या कौशल्याचाच असेल, तर मिळवत नाही. वहिनी, शिक्षण?"

"एम. ए. मराठी कविता."

"त्याचा इथे उपयोग नाही," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "पदवीच हवी असं नाही. हात शिकलेला आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे. मात्र खोटं काही लिहायचं नाही."

यजमान खुर्चीत पुढे सरकले. मग सांगू लागले, "खोटं कशाला? हात हायच तिचा. आमच्या बाबांच्या मागं अशी आखणी पंचक्रोशीत कुणाची नाय. तिच्या डोळ्यांची मूर्ती व्यापारी आधी उचलतो. बाहेरचा कारागीर ठेवला तर..." आणि त्यांनी एक आकडा सांगितला. आठवण्यासाठी क्षणभरही थांबावे लागले नाही. तो त्यांच्या ओठांवर तयार होता. किती वर्षांपासून, कोण जाणे.

कारकुनाने ते सारे टंकित केले. माझ्याविषयी त्यांनी उच्चारलेला सर्वांत सुंदर मजकूर कर वाचवण्यासाठी होता, आणि तो फायलीत गेला. मी सही केली तेव्हा कागद अजून कोमट होता.

"पैसे दर महिन्याला वहिनींच्या खात्यात," सल्लागारांनी बजावले. "आणि ते त्यांचे. परत तुमच्या खिशात आले तर सगळं नाटक ठरेल."

"व्हय, व्हय."

परतताना नागोठणे मागे पडले. मी मूर्खासारखी आनंदात होते. पेणमध्ये एक खोली भाड्याने घ्यायची, हे मी खिडकीबाहेरची शेते बघत ठरवूनही टाकले. उत्तरेचा उजेड असलेली, रंगाचा फवारा न पोहोचणारी खोली. दुपारी तिथे बसून वाचायचे, जमले तर लिहायचे, डोळ्यांना दोन तास स्वतःचे द्यायचे. त्यासाठी कुणापुढे हात पसरायचा नाही.

पहिला पगार जमा झाला. बँकेचे कार्ड टपालाने कारखान्यावर आले. यजमानांनी ते घेतले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. आठ दिवस ते तिथेच होते. धुण्याला सदरा टाकताना ते आठवणीने दुसऱ्या सदऱ्यात सरकवत.

नवव्या सकाळी मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाले, "अहो, माझं कार्ड द्या."

त्यांनी बशी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडीही नव्हती; होते ते निखळ, निरागस आश्चर्य.

"कशाला?"