पाळीवरचा सर्वे
निवडणुकीआधी आमच्या कंपनीने लोकांच्या मोबाईलवर सर्वेची लिंक पाठवली होती. ब्रह्मपुरीकडच्या एका गावातून एकवीस उत्तरं आली, सगळी एकाच फोनवरून, आणि तिन्ही उमेदवारांना बरोब्बर सात-सात. भानगड काय ते बघायला साहेबांनी मला धाडलं.

फोनवाला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर सापडला. गावात नेटवर्क तेवढ्याच जागी येतं. पन्नाशीचा मासेमार, अंगात ओली बनियान, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन. सकाळच्या मासळीचे वाटे घालत होता. एखादा वाटा जड वाटला की त्यातली मासोळी उचलून दुसऱ्यात टाकायचा आणि मागे सरकून डोळे बारीक करून बघायचा.

"भाऊ, एकवीस जणांना विचारलं होतं का?"

"कायले विचारू? पाळीवर कोण चढन म्हून साऱ्यायनं सांगतलं, तूच भरून टाक. मंग मी वाटे घातले."

"मतांचे?"

"तिघंही गावात येऊन रामराम करून राह्यले. कोणाले कमी देऊ?"

"आणि तुमचं स्वतःचं मत?"

त्याने पिशवीची गाठ आवळली. "ते वाट्यात नाई टाकलं. ते मशीनसाठी ठेवलं हाये."

साहेबांनी अहवालात त्या गावापुढे 'अटीतटीची लढत' असं लिहिलं. वाटे घालताना पाळीवर जो असेल त्याला वाटा द्यायचाच, म्हणून निघताना त्याने मला पळसाच्या पानात चार मासोळ्या बांधून दिल्या होत्या. त्या गावातून खरं असं तेवढंच आमच्या हाती लागलं.