चटई उचलल्यानंतरचे पन्नास टाला

पेसामिनो पॅरोलवर सुटून सात महिने झाले. या काळात तो दारूला शिवला नाही, कोणाशी भांडला नाही. रोज पहाटे गावाच्या भट्टीत पाव भाजतो. तरीही येत्या सोमवारी त्याला परत तुरुंगात धाडायचं का, हे बोर्ड ठरवणार होतं. कारण एकच. दर पंधरवड्याला शेजारच्या लाफाएलेला पन्नास टाला भरपाई द्यायची आणि पैसे मिळाल्याची त्याची सही आणायची, अशी सुटकेची अट होती, आणि चौदा कागदांवर एकही सही नव्हती.

सहा वर्षांपूर्वी कुंपणावरच्या फणसाच्या झाडावरून वाद झाला आणि पेसामिनोच्या कोयत्यानं लाफाएलेच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताना पेसामिनोचा काका, घराण्याचा मताई म्हणजे प्रमुख, माफी मागायला बारीक विणीची चटई डोक्यावर पांघरून लाफाएलेच्या दारात बसला. मागे घरातले बारा पुरुष, माना खाली. ऊन चढलं तेव्हा लाफाएलेचा म्हातारा बाप बाहेर आला आणि त्यानं चटई उचलली, म्हणजे माफ केलं. गावाच्या हिशेबी तिथं सगळं मिटलं. कोर्टानं आपलं काम वेगळं केलं.

पेसामिनो पहिल्यांदा पैशांचं पाकीट घेऊन गेला तेव्हा लाफाएले जाळं दुरुस्त करत होता. तीन बोटांनी.

"हे काय?"

"तुझे पैसे. बोर्डानं सांगितलंय."

"माझ्या बापानं तुझ्या काकाच्या डोक्यावरची चटई उचलली. आता पैसे घेऊ, म्हणजे ती परत त्याच्या डोक्यावर टाकू? बाप वर गेलाय, त्याला मी काय सांगू?"

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? पाव चांगला कर. कालचा आतून कच्चा होता."

लाफाएलेची बायको सिनिवा आतून म्हणाली, "आण इकडे, मी करते सही. माझी दहाही बोटं शाबूत आहेत."

"तू गप्प बस गं," लाफाएले म्हणाला. तिची सही तशीही चालली नसती.

पुढच्या खेपेला पेसामिनोनं पाकीट पावाच्या टोपलीत ठेवून टोपली ओट्यावर सोडली. संध्याकाळी टोपली परत आली. पाकीट तसंच, आणि वर केळीच्या पानात भाजलेला मासा. रिकामी टोपली परत करण्याची इथं रीत नाही. पेसामिनोनं मासा खाल्ला. मग त्याला वाटू लागलं, आता आपण आणखी देणं लागतो. पुढच्या वेळी त्यानं दोन पाव जास्त घातले. दोन मासे आले.

पॅरोल अधिकारी मारेता बाई दर महिन्याला त्याला विचारत.

"घेतले त्यानं?"

"ठेवून घेतले, बाई. मग परत दिले. वर मासा."

"मग मी काय लिहू? मासा?"

"लिहा ना, खराच होता."

"अरे बाबा, बोर्डाला मासा कळत नाही. चटईही कळत नाही. सही कळते."

शनिवारी बाई स्वतः कागद घेऊन गावात आल्या. लाफाएलेनं त्यांना नारळ फोडून दिला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सही केली नाही तर हा खरंच आत जाईल?"

"जाऊ शकतो."

"पण मी खोटं लिहिणार नाही."

"खरं तेच लिहा."

त्यानं तीन बोटांत पेन धरला. ‘सगळं मिळालं.’ खाली सही. तारखेच्या जागी चटई उचलली तो दिवस, सहा वर्षांपूर्वीचा. बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

सोमवारी बोर्डानं पेसामिनोला आत पाठवलं नाही, मोकळंही केलं नाही. भरपाई पूर्ण झाल्याचं दिसतं, असं त्यांनी लिहिलं. मात्र पावतीची तारीख शिक्षेच्याही आधीची आहे, ती महिन्याभरात दुरुस्त करून आणावी.

"तारीख बदलणार नाही," लाफाएले कुंपणापलीकडून म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळालं मला?"

पेसामिनो एका हातात बोर्डाचं पत्र आणि दुसऱ्या हातात पावाची टोपली घेऊन उभा राहिला. पन्नास टाला या वेळी टोपलीत घालायचे की नाही, हे पत्रात कुठंच नव्हतं. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"टोपली दे इकडे," लाफाएले म्हणाला. "मासा गार होतोय."